अठ्ठावीस की चौतीस

२ फेब्रुवारी, रविवार. दिंद्रुड

विक्रमदादा सकाळीच आले. हातात पुठ्ठ्याचा डबा, तोंडावर हसू. डब्यात नवाकोरा कार्बोरेटर, चौतीस एमएम तोंडाचा. पुण्याहून मागवलाय. "बसवा मेस्त्री."

मी म्हणालो, दिवाळीपासून तुमच्या मोटारसायकलचं इंजिन मी बनवतोय, त्याला अठ्ठावीस लागतो. तर म्हणे, "समोरच्या पार्टीच्या गाडीला चौतीस हाय. आपल्याला कावून कमी?"

मग बैलांची गोष्ट. त्यांच्या घरी तीन पिढ्या शर्यतीचे बैल. शर्यतीआधी महिनाभर अंडी, दूध, उडदाचं पीठ. खुराक वाढवला की बैल पळतो, तसं गाडीचं तोंड मोठं केलं की गाडी पळणार. काय बोलणार. त्यांचे वडील झेडपीत, माझं गॅरेज उभं आहे ती जागासुद्धा त्यांचीच.

संतोष मागे उभा होता. माझा धाकटा भाऊ, गाडी तोच पळवणार आहे. डब्याकडे बघत राहिला.

शर्यत शिवरात्रीनंतरच्या रविवारी. नांदूरघाटकडे नवा रस्ता झालाय, अजून वाहतुकीला उघडलेला नाही, तिथं. बरोबर चार आठवडे.

४ फेब्रु., मंगळ.

चौतीस बसवला. हुकूम तो हुकूम.

गाडी उभ्या जागी चालूच राहीना. राहणार कशी? रसवंतीवरची बारीक नळी तोंडात धरून ओढलं की रस झटकन वर येतो. तिच्या जागी पाण्याचा पाइप धरा आणि ओढा, नुसती हवा. जेवढा इंजिनाचा दम तेवढंच कार्बोरेटरचं तोंड. हे दादांना सांगून पाहिलं. म्हणाले, "रस प्यायला निघालोय का आपन?" आणि बरोबरची चार माणसं हसली. त्यांना हसायलाच आणलेलं असतं.

सं. (यापुढे एवढंच लिहिणार) तेलगाव रोडला एक फेरी मारून आला. सुरुवातीला गाडी मेलेली, ॲक्सिलेटर पिळला काय न पिळला काय. मग तिसऱ्या गिअरला सगळी ताकद एकदम. पुढचं चाक उचललं. परत आला तेव्हा हसत होता, पण हेल्मेटचा पट्टा त्याला सुटेना. मी सोडवला.

प्लग काढून पाहिला. पांढरा. म्हणजे आत पेट्रोल कमी, हवा जास्त, आग जास्त. बिस्किटाचा रंग पाहिजे. पांढऱ्यावर गाडी पळवत राहिलं की पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. वरचा माणूस थांबत नाही.

५ फेब्रु., बुध.

सकाळपासून तेच डोक्यात. एका ग्राहकाला ब्रेक शू ऐवजी क्लच प्लेट काढून दिली.

पिस्टन जाम झाला की वाचायचा एकच रस्ता, क्लच. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर तयार ठेवायची आणि चाक धरतंय असं वाटायच्या आत ओढायचा. मला पंचविसाव्या वर्षी एकदा झालंय. ओढला म्हणून वाचलो, तरी हनुवटी फुटली.

सं.ची नेमकी तीच दोन बोटं वाकत नाहीत. अंगठ्याशेजारची. दोन वर्षांपूर्वी कर्नाटकात ऊस तोडताना कोयता लागला. तो आणि त्याची बायको रेखा, दोघांचा मिळून एक कोयता (ऊसतोडीच्या टोळीत जोडप्याला कोयताच म्हणतात), असे बारा हंगाम काढले दोघांनी. डॉक्टरने बोटं शिवली, पण ती लाकडासारखी राहिली ती राहिलीच.

वि. दादांना हे माहीत नाही. सं.ने डावा हात खिशात ठेवून त्यांच्याकडून शब्द घेतलाय. जिंकला तर दादांच्या शाळेच्या बसवर कायमचा ड्रायव्हर. नाही जिंकला तर दिवाळीनंतर पुन्हा टोळी, पुन्हा खोपी, पोरगी पुन्हा शाळेबाहेर.

दादांना बोटांचं मीही सांगितलं नाही. सांगितलं तर सं. मला जन्मात तोंड दाखवणार नाही. लिहिताना हे कारण पुरेसं वाटतंय. कुणासमोर बोलून दाखवायची मात्र माझी तयारी नाही.

९ फेब्रु., रवि. बीड

एसटी स्टँडमागे करीमभाईच्या लेथवर दुपारभर. माझा अठ्ठावीस आणि दादांचा चौतीस शेजारी शेजारी ठेवले. एकाच घराण्यातले, बाहेरून जवळपास सारखे, फरक तेवढा तोंडात. करीमभाईला म्हणालो, अठ्ठावीसला पुढून चौतीसचं तोंड बनवून दे, ॲल्युमिनियमचं.

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "क्या मेस्त्री, किसकू उल्लू बनारे?"

मी सांगितलं. बोटांचंसुद्धा. त्याने लेथ चालू केला. तोंड असं उतरवलं की पुण्याची कंपनी लाजेल. निघताना एवढंच म्हणाला, "भाई को बोल के करते तो अच्छा था."

बरोबर आहे त्याचं. पण सं.ला सांगितलं असतं तर तो ऐकला नसता.

घरी येऊन अंगावरचा २८ घासून काढला, ठशांनी ३४ मारला. चार थोडा तिरका बसला. खरा चौतीस हत्यारांच्या खोक्याच्या तळाशी, फाटक्या बनियनमध्ये गुंडाळून.

१२ फेब्रु., बुध.

बसवला. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, १३० चं. आधी १२५ होता, पण पेट्रोलमध्ये आता उसाचं इथेनॉल, त्याला जेट मोठा लागतो. सं.ला म्हणालो, तूच तोडलेला ऊस तुझ्याच गाडीत जातोय बघ. तो हसला नाही. माझे विनोद त्याला पहिल्यापासून कळत नाहीत.

प्लग: बिस्किट. खालपासून वरपर्यंत गाडी एका ओळीत ओढते. सं. फेरी मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, काय केलंस बे? कालपरवा हीच गाडी खेचरासारखी होती."

मी म्हणालो, जेट बदलला.

१६ फेब्रु., रवि.

नव्या रस्त्यावर पहिला सराव. आमची गाडी सगळ्यांच्या पुढे. वि. दादा नाचले. "बघितलं का मेस्त्री, चौतीसची करामत!" मी मान हलवली. आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

पुढे जे झालं त्याने हसू गेलं. दादांच्या माणसांनी गुलालाचं पोतं फोडलं. बैल जिंकल्यावर जसा उधळतात तसा, गाडी चालू असताना, तिच्यावरच. या मोठ्या तोंडावर हवेचा फिल्टर बसत नाही, तोंड उघडंच असतं. मी ओरडत धावलो, किल्ली बंद करेपर्यंत दोन मुठी आत गेल्या असतील.

गॅरेजला आणून उघडली. आत सगळं गुलाबी. ॲक्सिलेटर पिळला की वर उचलला जाणारा स्लाइड असतो, त्याच्या कडेने गुलालाचा थर बसलेला. उचलला तर वरच अडकला, सोडला तरी खाली येईना. म्हणजे रस्त्यावर माणसाने ॲक्सिलेटर सोडला असता आणि गाडी तशीच सुटली असती.

रॉकेलने तीनदा धुतलं. दादांना फोन केला. "मेस्त्री, गुलाल न लावता बैल सोडत्यात का कधी? लई भिता तुमी."

रस्त्याचा शेवट आज नीट बघितला. शर्यतीची रेघ संपल्यावर थांबायला थोडीच जागा, पुढे अर्धवट पूल आणि मुरमाचा ढीग. कुणाला विचारलं तर म्हणे ढीग शर्यतीआधी हलवू.

१८ फेब्रु., मंगळ.

रेखा आली होती, डबा द्यायच्या निमित्ताने. दारातच उभी राहिली.

"भाऊजी, पाण्याचा तांब्या बी हातातून सुटतो त्यांच्या. गाडी कशी आवरतील? तुमच्या हातात हाय का काही?"

तिचा चेहरा बघून राहवलं नाही. सगळं सांगितलं. आत अठ्ठावीस आहे, पिस्टन जाम व्हायचा नाही, भिऊ नको. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "तुमचे लई उपकार झाले."

डबा रिकामा न्यायला विसरली.

२० फेब्रु., गुरु.

समोरच्या पार्टीची गाडी सरावाला आली. तीच, चौतीसवाली. त्यांचं इंजिन वेगळं आहे, मोठं सिलिंडर, त्याला तो आकार शोभतो. एका जोडीत सोडल्या. अर्ध्यापर्यंत सं. पुढे. शेवटच्या शंभर पावलांत ती गाडी त्याच्या शेजारून निघून गेली.

वि. दादा माझ्याशी बोलले नाहीत. सं.शी बोलले, मला ऐकू येईल असं: "बस दुसऱ्याला बी देता येती."

२१ फेब्रु., शुक्र.

दुपारी जेवून आलो तर सं. गॅरेजमध्ये जमिनीवर बसलेला. पुढ्यात माझं खोकं उलटं केलेलं. मांडीवर बनियन, हातात खरा चौतीस.

रेखाने सांगितलं त्याला. काल हरून घरी आला, जेवेना, तेव्हा त्याला धीर द्यायला म्हणून सांगितलं. हरलात ते बरंच झालं, भाऊजींनी तुमची काळजी घेतलीय, असं.

"मला न इचारता, भाऊ?"

"तुला वाचवायला."

"वाचवलंस? वाचवलंस का परत फडात पाठवलंस?"

मी बोटांचं बोललो. ते नको होतं बोलायला. त्याने डावा हात माझ्या तोंडासमोर धरला. "ही बोटं गेली तवा तू कुठं होतास? मी आन रेखा उसात होतो आन तू इथं पंख्याखाली." गॅरेजात पंखा नाही, पण मी तेव्हा ते बोललो नाही.

शेवटी म्हणाला, "चौतीस तू नीट बसव, न्हाईतर दादा दुसरा मेस्त्री आणतील. मी बसनार ते बसनारच."

मी म्हणालो, माझ्या हाताने होणार नाही. तो गाडी आणि चौतीस, दोन्ही घेऊन गेला. दादांना मात्र काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. माझी जागा त्यामुळेच राहिली.

२४ फेब्रु., सोम.

तीन दिवस आमचं बोलणं नाही. लातूरकडचा एक मेस्त्री दादांच्या शेतावर येऊन गेला म्हणे. सं.ने माझा अठ्ठावीस आधीच उतरवून ठेवला होता आणि दादांना फक्त आमच्या भांडणाचं सांगितलं होतं; चौतीस त्या मेस्त्रीने चढवला.

संध्याकाळी दुकान बंद करताना गाडी रस्त्याने गेली. मी शटर धरून उभा राहिलो. आवाज कोरडा, पत्र्यावर खडे पडल्यासारखा. असा आवाज मी एकदाच ऐकलाय, माझ्याच गाडीचा, हनुवटी फुटली त्या दिवशी.

२५ फेब्रु., मंगळ.

न बोलावता शेतावर गेलो. लाज कसली. प्लग काढला. पांढरा, आणि त्यावर बारीक चंदेरी कण. ते कण पिस्टनचे. म्हणजे पिस्टन वितळायला लागलाय.

डब्यात आलेला १४० चा जेट त्या मेस्त्रीने तसाच ठेवला होता. इथेनॉल नाही, इंजिन नाही, कशाचाच विचार नाही. बसवला, फोटो काढला, गेला.

सं.ला प्लग दाखवला. त्याने बघितला. "हां," म्हणाला. मग प्लग मला परत देत, "रविवारपस्तोर टिकंल का?"

म्हणजे तो असाच बसणार होता. जाम होणार हे कळूनसुद्धा. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि तिथेच मातीत बसून रडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. गाडी टेम्पोत घालून गॅरेजला आणली.

२६ फेब्रु., बुध. शिवरात्र

उपास. साबुदाणा, शेंगदाणे, आणि दिवसभर चौतीस.

पिस्टन नवा. मेन १५०, अजून पांढरट. १५५, बरं. कार्बोरेटरमधली सुई एक खाच वर, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. जेट मीच बसवला, मीच घट्ट केला. रविवारी काही झालं तर लातूरचं नाव घेता येणार नाही. मला तेच हवं होतं बहुतेक. दुसऱ्याच्या चुकीने जायचा असेल तर त्यापेक्षा

हे वाक्य पुरं करत नाही.

२८ फेब्रु., शुक्र.

क्लचचा दांडा कापून, मध्ये तुकडा जोडून लांब केला, वाकवून मुठीजवळ आणला. आता करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने ओढता येतो. सं.ला गाडीवर उभ्या जागी बसवून मी मागून ओरडायचो, "धरलं!" आणि त्याने ओढायचा. उभ्या गाडीवर एकदाही चुकला नाही.

मग चालत्या गाडीवर. मी बांधावर उभा राहून हातातलं फडकं खाली टाकणार, ते दिसलं की ओढायचा. काही वेळा जमलं. काही वेळा आधी ती दोन बोटंच पुढे जायची, सवयीने, आणि मग त्याला आठवायचं. तेवढ्यात गाडी कितीतरी पुढे गेलेली.

"जमंल," म्हणाला.

मी आणखी एकदा म्हणालो, आणखी एकदा, आणखी एकदा. पेट्रोल संपेपर्यंत.

१ मार्च, शनि.

शेवटचा सराव, दुपारी. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर ही वही खोटी.

गाडी सोडली. खालचा मेलेला भाग सं.ने क्लचवर खेळवत काढला, मी शिकवलं तसा. आणि मग ती उघडली. तीस वर्षं गाड्या ऐकतोय, असा आवाज माझ्या हातून कधी निघाला नव्हता. अंगावर काटा आला. मी टाळी वाजवली. ओरडलो, "पिळ, पिळ!" शेजारी वि. दादा ओरडत होते आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

वर कोण बसलाय हे मी तेवढ्या वेळात विसरलो होतो.

गाडी पुलाच्या अलीकडे कशीबशी थांबली. मुरमाचा ढीग तसाच आहे. प्लग: बिस्किट, अगदी हवा तसा. दादांनी मला मिठी मारली. "म्हनलं नव्हतं चौतीस?" मी हसलो. अठ्ठावीस बरोबर होता आणि अजूनही आहे. ही गाडी चौतीसवर पाच वेळा चांगली पळेल आणि सहाव्या वेळी काय करेल ते मला सांगता येत नाही. तिचं बरोबर चालणं एका केसावर आहे. ऊन वाढलं, पेट्रोल दुसऱ्या पंपाचं आलं, की तो केस गेला.

दादांकडून गुलालाचा शब्द घेतला. "थांबल्यावरच उधळू, जा." बरोबरची चार माणसं हसली.

२ मार्च, रवि. नांदूरघाट रस्ता, सकाळी

बाभळीखाली बसून पेन्सिलने लिहितोय. पेन गर्दीत पडलं.

माणसं पहाटेपासून. भजी, कुल्फी, दोन मंडप. ढीग हलवला नाही, त्यावर पोरं चढून बसलीत, तिथून छान दिसतं म्हणून. दोनदा उतरवली, दोनदा परत चढली. भोंग्यावर नावं पुकारतायत. बैलांच्या शर्यतीसारखंच, मालकाचं नाव. "विक्रमदादांची गाडी, तिसरी जोडी!" वर बसणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. सं.ला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

जेट पुन्हा बघितला. स्लाइड बघितला. नट बघितले. पेट्रोल मी स्वतः आणलेलं, नेहमीच्या पंपाचं. करण्यासारखं काही उरलं नाही, आणि हात मात्र थांबत नाहीत.

सं. बूट बांधत होता. मी खाली वाकून बांधून दिले, लहानपणी शाळेत जाताना द्यायचो तसे. डोक्यावरून म्हणाला, "भाऊ, चिडलेला हाईस का अजून?" मी म्हणालो, गाडीवर चिडलोय. या वेळी हसला.

त्याला म्हणावंसं वाटलं, वरच्या गिअरला टाकूच नको, हर. मला वाटेल ते बोल आयुष्यभर, पण हर. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "चौथा उशिरा टाक, आवाज भरू दे."

रेखा आलीय. पोरीला शेजारणीकडे ठेवून, एसटीने एकटीच. बायका फारशा येत नाहीत इथं. डोक्यावर पदर घेऊन मंडपाच्या मागे उभी होती. सं.ला खरा चौतीस सापडला त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. आत्ता जवळ आली.

"तुमी कुठं थांबनार?"

मी म्हणालो, सुरुवातीला. नेहमी तिथंच थांबतो, आवाज तिथं नीट कळतो.

"सुरुवातीला समदेच हायेत," ती म्हणाली. "तुमी तिकडं थांबा, पुलापाशी. गाडी जिथं थांबायची तिथं."

दुसरी जोडी सुटली. पोरांना ढिगावरून उतरवायचंय. पुलापर्यंत चालत दहा मिनिटं लागतील, निघतो.